मनीप्लांट आणि घरातल्या बाकी वेलांचं कटिंग कधी आणि कसं घ्यायचं

मागच्या आठवड्यात मैत्रिणीकडे गेले होते. तिच्या किचनच्या खिडकीत काचेच्या ग्लासात मनीप्लांटचं एक छान मोठं पान ठेवलेलं होतं, देठ पाण्यात बुडवून, आणि ती म्हणाली अगं दीड महिना झाला, पाणी बदलते, उजेड आहे, तरी काहीच होत नाही, माझ्या हाताला गुणच नाही बघ. हाताचा काही संबंध नव्हता. तिने नुसतं पान खुडून आणलं होतं, खोडाचा तुकडा त्याला नव्हताच, आणि वेलात नवीन फुटवा जिथून येतो ती जागा खोडावर असते. असं पान ग्लासात कितीतरी आठवडे हिरवं राहतं म्हणून माणूस बिचारा वाट बघत बसतो, आणि शेवटी पिवळं पडलं की म्हणतो आपल्याकडे झाडं जगत नाहीत. हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता एकदा सगळं नीट लिहूनच काढते.

घरातले वेल म्हणजे मनीप्लांट, सिंगोनियम, हार्ट शेपच्या पानांचा फिलोडेन्ड्रॉन, होया, जांभळ्या-चंदेरी पट्ट्यांचा झेब्रिना, स्ट्रिंग ऑफ हार्ट्स, आणि आपल्या बाल्कनीतला विड्याचा वेल. लिहिणार जास्त मनीप्लांटवरच आहे कारण शिकायला त्याच्यासारखं झाड नाही, त्याच्यावर हात बसला की बाकीचे जमतात.

आधी गाठ ओळखायला शिका

कात्री घ्यायच्या आधी हे करा. उजेडात उभं राहून मनीप्लांटचा एक लांब वेल हातात घ्या आणि टोकाकडून मागे मागे बोट फिरवत या. पानाचा देठ जिथे खोडाला चिकटतो तिथे खोड जरासं फुगलेलं लागेल आणि एक बारीक रेघ खोडाभोवती कड्यासारखी गेलेली दिसेल. ही गाठ, कुणी पेर म्हणतं. आता वेल उलटा करून बघा, त्याच गाठीवर एक तपकिरी, कडक, छोटं बोंड असेल, तांदळाच्या कणीएवढं, कधी ते वाढून दोऱ्यासारखं लोंबत असतं. ते हवाई मूळ. आणि देठाच्या बगलेत, नखाने हळूच देठ बाजूला केला तर, एक डोळा झोपलेला असतो. खाली मूळ आणि वर नवीन फांदी, दोन्ही या एका जागेतून येतात. दोन गाठींच्या मधला जो गुळगुळीत तुकडा असतो त्यातून नवीन वेल येत नाही, कितीही दिवस पाण्यात ठेवा.

ज्यांच्या गावाकडे ऊस आहे त्यांना हे समजवावंच लागत नाही. उसाची लागण करताना बी पेरत नाहीत, दोन डोळ्यांची टिपरी करून सरीत लावतात आणि प्रत्येक टिपरीवर डोळा शाबूत आहे ना हे बघतात. घरातल्या वेलाचं अगदी तसंच आहे, फक्त सरीच्या जागी बरणी.

आणि मनीप्लांटच्या बाबतीत तर कटिंगशिवाय, म्हणजे वेलाचा कापलेला तुकडा रुजवल्याशिवाय, दुसरा मार्गच नाही. तो मूळचा प्रशांत महासागरातल्या सोसायटी बेटांमधल्या मूरेआ बेटाचा, १८८० साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं. तो जवळजवळ कधीच फुलत नाही, कारण फुलायला लागणारं जिबरेलिन नावाचं हार्मोन बनवणारं त्याचं जनुक नीट कामच करत नाही. फूल नाही म्हणजे बी नाही. म्हणजे तुमच्या बाथरूमच्या खिडकीतला, बँकेतल्या काउंटरवरचा, डॉक्टरांच्या वेटिंग रूममधला, सगळे मनीप्लांट हे कुठल्या तरी वेलाच्या कापलेल्या तुकड्यातून पुढे आलेत. मला हे फार भारी वाटतं, की एकच झाड हातोहात इतकं फिरलं.

कधी घ्यायचं

आमच्याकडे पुण्यात सगळ्यात चांगला काळ म्हणजे मृग लागून पाऊस नीट पडायला लागला की, साधारण जूनच्या मध्यापासून ते ऑगस्ट अखेरपर्यंत. हवेत ओल असते, तापमान २१ ते २७ अंशांच्या आसपास, वेल स्वतःच जोरात वाढत असतो. कापलेल्या फांदीला मूळ नसतं म्हणजे पाणी प्यायला तोंड नाही, पण पानांतून पाणी उडून जाणं चालूच असतं, आणि पावसाळ्यात हवा दमट असल्यामुळे ते कमी उडतं, एवढंच त्याचं कारण आहे. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे तर जवळजवळ वर्षभर चालतं, मे मध्ये सुद्धा घामट हवा असतेच. फक्त तिकडे धो धो पावसात मातीतली कटिंग उघड्यावर ठेवू नका, कुजतात.

दुसरा चांगला काळ फेब्रुवारी-मार्च, थंडी गेली आणि ऊन अजून तापलं नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशिकला रात्री पारा १० च्या आसपास येतो तेव्हा कटिंग मरत नाही पण नुसतं बसून राहतं, पावसाळ्यात जिथे दहा दिवस लागतात तिथे पाच-सहा आठवडे. लोक कंटाळून फेकून देतात. माझी धाकटी बहीण नागपूरला असते, तिने एकदा मे मध्ये बाल्कनीत कटिंग लावली, बाहेर ४४ अंश आणि कोरडी हवा, दोन दिवसांत पानं कागदासारखी झाली. तिने फोन केला, ताई तू दिलेली कटिंग खराब होती का गं? कटिंग चांगली होती, महिना चुकला. नंतर जुलैमध्ये त्याच वेलाची कटिंग घरात, खिडकीपासून दोन हात आत ठेवून लावली आणि सगळी रुजली. उन्हाळ्यात करायचंच असेल तर घरात, पाण्यात, आणि कूलरचा झोत थेट येणार नाही अशा जागी.

महिना कुठला ते सांगून झालं, आता वेलाची वेळ. वेल तयार आहे हे त्याच्या टोकाला कळतं. नवीन पान गुंडाळीतून पूर्ण उलगडलंय, रंग धरलाय, आणि पुढचं टोक टोकदार दिसतंय, अशा वेळी कापा. अर्धवट उलगडलेलं कोवळं पान असताना कापलं तर ते पान बहुतेक वेळा तसंच चुरगळून काळं पडतं. आणि वेल निदान दीड-दोन फुटांचा झालेला असू दे, सहा पानांच्या रोपट्याला कात्री लावू नका.

कापायचं नाही ते असं: नर्सरीतून आणलेलं झाड पहिले तीन-चार आठवडे, नुकतीच कुंडी बदलली असेल तेव्हा, पाण्याविना मान टाकली असेल तेव्हा, आणि पिठ्या ढेकूण दिसला असेल तेव्हा तर अजिबात नाही. पानाच्या बगलेत पांढरं कापसासारखं काही दिसलं की आधी त्याचा बंदोबस्त, नाहीतर एका कुंडीतली कीड आठ बाटल्यांत वाटली जाते.

पहिल्यांदाच कापणाऱ्यांना झाडाची फार दया येते, हे मी बघते. एकुलता एक लांब वेल, तो कसा तोडायचा. पण मनीप्लांट आपणहून फार फांद्या फोडत नाही, टोक जिवंत आहे तोवर टोकच पुढे पळतं आणि मागे कुंडीजवळ सगळं बोडकं होतं. टोक कापलं की मागच्या गाठीतला डोळा जागा होतो. कापणं हे त्या मूळ झाडाच्याही भल्याचं आहे, तीन-चार आठवड्यांत कुंडीजवळून नवीन फूट दिसेल तेव्हा पटेल.

आता कापूया

आदल्या दिवशी झाडाला नेहमीसारखं पाणी घाला, म्हणजे खोडात पाणी भरलेलं असतं. सकाळी कापलेलं बरं. कात्री धारदार हवी, बोथट कात्रीने खोड चिरडतं आणि चिरडलेली जागाच आधी सडते. मी साधं कटर ब्लेड वापरते, मेडिकलमधलं स्पिरिट किंवा हँड सॅनिटायझर कापसावर घेऊन पुसून, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना परत पुसते. भाजी कापायची सुरी नको. मनीप्लांट, सिंगोनियम, फिलोडेन्ड्रॉन हे सगळे अळूच्या कुळातले, त्यांच्या रसात अळूसारखेच कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून काहींच्या हाताला खाज येते. हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका, आणि लहान मूल किंवा मांजर-कुत्रं पानं चावणार नाही अशा उंचीवर सगळं ठेवा.

कुठे कापायचं ते नीट वाचा, कारण सगळी गंमत इथेच आहे. तुम्हाला जी गाठ पाण्यात बुडवायचीय तिच्या खाली साधारण अर्धा ते एक सेंटीमीटर सोडून कापायचं. गाठीला अगदी चिकटून कापलं आणि कड जरा सडली तर सड लगेच गाठीत शिरते, थोडं अंतर असलं की आपल्याला वेळ मिळतो. तिरकं कापा असं सगळे सांगतात, सरळ कापलं तरी काही बिघडत नाही, माझ्याकडे दोन्ही सारखीच रुजतात.

एका कटिंगवर दोन किंवा तीन गाठी ठेवा, लांबी चार ते सहा इंच. सगळ्यात खालच्या गाठीवरचं पान काढून टाकायचं, देठाला धरून खाली हलकेच ओढलं की निघतं, सालटं सोलू देऊ नका. वरची एक-दोन पानं राहू देत. हात-दोन हात लांब फांदी, आठ पानांसकट, आख्खी बाटलीत खोचून ठेवतात ते शोभेला ठीक आहे, पण आठ पानांना पाणी पुरवायला मूळ एकही नाही, मग खालची पानं एकेक करून पिवळी पडतात. त्याच फांदीची तीन कटिंग करा. मधल्या तुकड्यांना टोक नसतं, तेही चालतात, त्यांचा नवा फुटवा डोळ्यातून येतो म्हणून आठ-पंधरा दिवस उशीर लागतो इतकंच. फक्त वरची बाजू कुठली ते लक्षात ठेवा, उलटं लावलेलं कटिंग फसतं. पान नेहमी वेलाच्या टोकाच्या दिशेने कललेलं असतं त्यावरून कळतं.

कापल्यावर मनीप्लांट लगेच पाण्यात टाकला तरी चालतो. होयातून मात्र पांढरा चीक येतो, तो पुसून अर्धा-एक तास सुकू द्यायचा.

रूटिंग हार्मोनच्या, म्हणजे मुळं लवकर फुटावीत म्हणून कापलेल्या टोकाला लावायच्या पावडरीबद्दल नवीन लोक फार विचारतात. मनीप्लांट, सिंगोनियम, झेब्रिनाला तिची गरज नाही, पैसे वाचवा. होयासारख्या सावकाश वेलाला मातीत लावताना थोडा फायदा होतो, चिमूटभर पुरते. दालचिनी, मध, कोरफडीचा गर हे सगळं मी करून बघितलंय, मला काही फरक दिसला नाही.

पाण्यात रुजवणं

नवीन माणसाने पहिलं कटिंग पाण्यातच लावावं, कारण मुळं डोळ्यांनी दिसतात, आणि ते बघूनच हात बसतो. बाटली स्वच्छ हवी. लोणच्याची बरणी वापरणार असाल तर साबणाने दोनदा धुऊन मग गरम पाण्याने, तेल आणि मिठाचा अंश राहिला तर कटिंगचं टोक दोन दिवसांत काळं पडतं, माझं पडलंय. कॉफीची बाटली, औषधाची तपकिरी बाटली उत्तम, गडद रंगाच्या काचेत शेवाळ कमी धरतं. पारदर्शक असेल तर बाहेरून ब्राऊन पेपर गुंडाळा.

नळाचं पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून सकाळी वापरायचं, क्लोरीनचा वास असला तर उडून जातो. खालची गाठ पूर्ण बुडली पाहिजे आणि पान पाण्याला लागता कामा नये. पान बुडलं की कुजतं आणि सगळं पाणी नासवतं. जागा उजेडाची, पण ऊन थेट बाटलीवर नको, पूर्वेच्या खिडकीत पडद्यामागे अगदी बरोबर. काळोख्या कोपऱ्यात मनीप्लांट जगतो खरा, पण तिथे मूळ धरायला त्याला ताकद मिळत नाही.

आता महत्त्वाचं. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला, आणि काहीही झालं तरी आठवड्यातून एकदा बाटली रिकामी करून आतून घासाच. हे फक्त झाडासाठी सांगत नाहीये. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, भांड्याच्या ओल्या कडेला चिकटवतो, आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरोघरी येऊन मनीप्लांटच्या बाटल्या, फ्रीजमागचा ट्रे, कूलर तपासतात ते याच्यामुळे. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं सांगतात ना, तो दिवस ठरवून टाका, माझा रविवार असतो. नुसतं पाणी ओतून नवीन भरलं तर कडेची अंडी तशीच राहतात, म्हणून घासणं. आणि बाटलीच्या तोंडाशी फांदीभोवती थोडा कापूस खोचून ठेवा.

काय काय दिसेल ते सांगते. पहिले चार-पाच दिवस काहीच नाही. मग हवाई मुळाचं ते तपकिरी बोंड ओलं होऊन फुगतं, त्याच्या टोकाला साल फाटते आणि आतून एकदम पांढराशुभ्र, मोहरीच्या दाण्याएवढा ठिपका बाहेर डोकावतो. दुसऱ्या दिवशी तोच ठिपका टोकदार झालेला असतो. पावसाळ्यात हे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान होतं. तिथून पुढे मूळ रोज थोडं थोडं वाढताना दिसतं, मग त्याला आडवी बारीक मुळं फुटतात, माशाच्या काट्यासारखी. माझ्या पुतणीला मी एक बाटली दिली होती, ती रोज शाळेतून आली की आधी पट्टी घेऊन बाटलीशी जायची आणि काकू आज किती झालं ते मलाच येऊन सांगायची.

मूळ पांढरं किंवा फिकट तपकिरी आणि कडक असलं तर उत्तम. बुळबुळीत, काळपट, हात लावला की साल निघतंय आणि पाण्याला वास येतोय, तर सडतंय. घाबरू नका, वर जिथे खोड हिरवं टणक आहे तिथे नवीन गाठीखाली परत कापा, बाटली घासा, नवीन पाणी. एक पान पिवळं पडलं तर तेही ठीक, दोन-तीन एकदम पडली तर गाठ तपासा.

मातीत कधी हलवायचं

मुळं दोन ते तीन इंच झाली आणि त्यांना आडवी मुळं फुटली की. त्याआधी हलवलं तर ती नाजूक मुळं मातीत मोडतात, आणि पाच-सहा महिने पाण्यातच ठेवलं तर त्या मुळांना पाण्याचीच सवय लागते, मग मातीत गेल्यावर झाड महिनाभर रुसून बसतं. कायम पाण्यात ठेवायचं असेल तर तेही चालतं, फक्त वाढ हळू, पानं छोटी, आणि महिन्यातून एकदा अगदी पातळ द्रवखत.

कुंडी चार इंची, खाली भोक असलेली. मोठ्या कुंडीत छोटं कटिंग लावायचा मोह आवरा, जास्तीची माती ओलीच राहते आणि मुळं गुदमरतात. मिश्रण मी असं करते, दोन वाट्या कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक वाटी बागेची लाल माती, एक वाटी गांडूळखत, आणि एक वाटी परलाईट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे हलके खडे) किंवा जाडसर वाळू. कोकोपीटची वीट भिजवल्यावर एकदा पाणी पिळून टाकून परत भिजवा, त्यात कधी कधी मीठ असतं. पुण्याकडची नुसती काळी माती नको, ती पाणी धरून बसते आणि वाळली की दगड होते.

एका कुंडीत एकच कटिंग लावलं तर एकच दोरी वाढेल. पाच-सहा कटिंग एकत्र लावा, कडेने गोल आणि एक मधे, तेव्हा ती नर्सरीसारखी भरलेली कुंडी दिसते. पेन्सिलने खड्डा करायचा, मुळं सोडायची, माती बोटाने हलकेच दाबायची. पहिले दहा-बारा दिवस माती ओलसर ठेवायची कारण मुळं अजून पाण्यातून नवीन आलीयेत, मग हळूहळू कमी करत वरची एक इंच माती कोरडी झाल्यावरच पाणी. पहिला आठवडा पानं थोडी लोंबली तरी सोडून द्या. आणि उपटून बघू नका! मूळ धरलंय का हे बघायला दर दोन दिवसांनी कटिंग वर ओढून बघणारे खूप आहेत, प्रत्येक वेळी नवी मुळं तुटतात. नवीन पान सुटलं की समजा लागलं. खत दीड महिन्यानंतर.

थेट मातीतही लावता येतं, पावसाळ्यात मी तसंच करते. तीच कटिंग, खालची गाठ मातीत एक इंच आत, कुंडीवर पारदर्शक पिशवी सैलसर घालून रोज दहा मिनिटं उघडायची. तीन आठवड्यांनी पिशवी काढायची.

कापायला जीव होत नसेल तर दाब कलम करा. वेल आहे तिथेच ठेवायचा, शेजारी मातीने भरलेली छोटी कुंडी ठेवायची, वेलाची एक गाठ मातीवर टेकवून केसांच्या पिनेने किंवा वाकवलेल्या तारेने दाबून टाकायची. मूळ झाड त्याला पाणी पुरवत राहतं, महिन्याभरात गाठ मातीत मूळ धरते, मग मधली दोरी कापायची. यात फसायला फारसं काही नाहीच. आपल्याकडे पानमळ्यात वेलींची उतरण करतात, म्हणजे वर चढलेला जुना वेल खाली उतरवून, गुंडाळून मातीत गाडतात आणि शेंडा परत आधारावर चढवतात, तिथेही गाडलेल्या पेरांना नवी मुळं येतात. म्हणजे हे आपल्या शेतकऱ्यांना फार आधीपासून माहीत आहे.

वेलागणिक थोडं थोडं

सिंगोनियम आणि फिलोडेन्ड्रॉन मनीप्लांटसारखेच, वेगळं काही नाही. झेब्रिना सगळ्यात सोपा, पाण्यात चार-पाच दिवसांत मुळं, किंवा नुसती फांदी मोडून त्याच कुंडीत खोचा. चंदेरी ठिपक्यांचा सिंडॅप्सस, ज्याला दुकानात सॅटिन पोथोस म्हणतात, तो फार सावकाश, महिना-दीड महिना धरून चाला.

पांढऱ्या-हिरव्या पानांच्या मनीप्लांटचं कटिंग घेताना खोड बघा. खोडावर पांढरी रेघ आणि हिरवी रेघ दोन्ही असलेली गाठ निवडा. पूर्ण पांढऱ्या फांदीत हरितद्रव्यच नाही, ती स्वतःच्या जिवावर जगत नाही. आणि कुंडीत एखादी फांदी पूर्ण हिरवी झाली तर ती कापून वेगळी लावा, ती जोरात वाढते आणि पट्टेवाल्या फांद्यांना दाबून टाकते.

होयाबद्दल दोन गोष्टी. बाजारात हृदयाच्या आकाराचं एकच पान कुंडीत खोचून विकतात, बरेचदा त्याला गाठ नसते, मुळं येतात पण वेल कधीच येत नाही, पान वर्षानुवर्षं पान राहतं. घेताना विचारून घ्या. आणि होयाची फुलं गळून गेल्यावर जो बोडका दांडा उरतो तो कापू नका, पुढच्या वर्षी फुलं त्याच दांड्यावर येतात.

स्ट्रिंग ऑफ हार्ट्सच्या गाठींवर मण्यांसारखे छोटे कंद धरतात. दोरी कापून ओलसर मिश्रणावर गोल पसरून ठेवायची, कंद मातीला टेकलेले, वर काही घालायचं नाही, पाणी फवाऱ्याने. हा वेल आफ्रिकेच्या दक्षिण भागातला, पण सिरोपेजिया या वंशातला, आणि आपल्या सह्याद्रीत फुलणारी कंदीलपुष्पं याच वंशातली. त्यातल्या कितीतरी जाती इथेच सापडतात, जगात दुसरीकडे नाहीत, आणि संख्येने फार थोड्या उरल्यात. ट्रेकला गेल्यावर असा वेल दिसला तर फोटो काढा, कंद किंवा फांदी आणू नका. हे कळकळीने सांगतेय.

विड्याचा वेल पाण्यापेक्षा मातीत चांगला लागतो. तीन-चार पेरांचा तुकडा, दोन पेरं मातीत, जागा सावलीची, माती कायम ओलसर पण पाणी साचलेलं नको, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला. कोवळ्या शेंड्यापेक्षा थोडा जून झालेला, पेराला मुळं सुटलेला भाग निवडा.

कुणाकडून आणायचं, कसं न्यायचं

मनीप्लांट चोरून आणला तरच वाढतो असं अजूनही सांगतात. चोरी करताना माणूस घाईत फांदी हिसडून ओढतो, खोड चिरतं, गाठ तुटते, बरेचदा हातात नुसतं पान येतं. त्यापेक्षा बेल वाजवून मागा. शेजारच्या काकूंकडे मी मागितलं तेव्हा त्यांनी स्वतः कात्री आणली, चांगल्या चार गाठींची फांदी निवडून दिली आणि वर म्हणाल्या, ही पूर्वेच्या खिडकीतली आहे हं, तुझ्याकडे एकदम उन्हात ठेवू नकोस. ही माहिती चोरून मिळाली नसती.

प्रवासात न्यायचं असेल तर कटिंगच्या खालच्या टोकाला ओला करून पिळलेला टिश्यू किंवा वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा, टपटप गळणारा नको, नुसता ओलसर. त्यावर प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड, पानं बाहेर मोकळी. डबा किंवा कापलेली पाण्याची बाटली असेल तर त्यात उभं ठेवा, एसटीच्या गर्दीत चेंगरत नाही. गाडीच्या डिकीत किंवा उन्हातल्या डॅशबोर्डवर ठेवू नका. असं कटिंग दोन दिवस आरामात टिकतं. घरी पोचल्यावर कागद सोडायचा, टोक पाव इंच नव्याने कापायचं, अर्धा तास पाण्यात ठेवून पानं ताठ झाली की लावायचं, आणि बाटलीवर मार्करने तारीख लिहून ठेवायची.